चौऱ्याण्णव पॉइंट सात

बुधवार संध्याकाळपासून अठ्ठेचाळीस तास
हवेवर फक्त हृदयाचे ठोके.
धक् धक्. मध्ये जाहिरातसुद्धा नाही.
लोकांची उत्सुकता ताणायची असते,
असं टोरांटोहून आलेली ब्रिएल म्हणाली
आणि रात्रपाळी मला देऊन हॉटेलवर झोपायला गेली.

पहाटे तीनला आउने कोस्केलाचा फोन.
ब्याऐंशी वर्षांची, सरोवराच्या वरच्या काठाला एकटी.
"कोण आजारी आहे?"
कुणी नाही, म्हटलं, स्टेशनचं नाव बदलतंय.
"परत?"

परत. हे पाचवं बारसं.
पहिलं तोइवो राउतिओने केलं,
गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकून.
त्याच्या दुकानात एफएमचे चाळीस रेडिओ पडून होते
आणि शंभर मैलांत एकही एफएम स्टेशन नव्हतं.
नाल सापडली म्हणून माणसाने घोडा घेतला.
रविवारी एक तास फिनिश:
अकॉर्डियन, मग त्याची बायको हिल्का
मेलेल्यांची नावं वाचायची,
आणि हिवाळ्यात त्याच आवाजात
बंद असलेल्या शाळांची.
आम्ही पोरं दुसऱ्या यादीसाठी जीव मुठीत धरून
पहिली ऐकायचो.

मग तोइवो गेला. जावयाने विकलं.
मग आम्ही मॅजिक झालो, व्हायोलिनं काढून टाकली.
मग मूस.
मूसचा केसाळ पोशाख मी घालायचो,
हॉकीच्या मध्यंतरात बर्फावर आपटलो,
शिंग मोडलं, टाळ्या पडल्या,
पगारात दहा डॉलर वाढले.

आणि मग नुसतंच स्टॅन.
स्टॅन काहीही लावतो, कुणाचं ऐकत नाही,
अशी पाटी हायवेवर.
स्टॅन नावाचा माणूस नव्हताच.
एक कॉम्प्युटर होता,
आणि व्हँकुव्हरमधला एक आवाज,
ज्याने एका दुपारी चारशे वाक्यं बोलून चेक नेला.
तरी लोक फोन करायचे, स्टॅनला द्या.
मी म्हणायचो, बाहेर गेलाय.
चौदा वर्षं तो बाहेर होता.

"मग स्टॅनचं काय?" आउने विचारते.
मी खाली बघतो.
दर नाताळात खाकी कागदात मोजे यायचे,
राखाडी, वर लाल पट्टी, आत चिठ्ठी: स्टॅनला.
त्यातले आज माझ्या पायांत आहेत.
निवृत्त झाला, मी म्हणतो.
"तब्येत बरी आहे ना?"
बरी आहे.
"टाच जाड विणली होती.
उभ्याने काम करतो असं वाटायचं त्याच्याकडे ऐकून."
हो, मी म्हणतो. उभ्यानेच.
ती फोन ठेवत नाही, मीही नाही.
मागे ठोके चालू.
तिच्या रेडिओतून तेच ठोके
फोनमध्ये थोडे उशिरा येतात,
एकाच छातीत दोन.

शुक्रवारी सहाला ब्रिएलने फळ्यावर लिहिलं: पल्स.
केक होता. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.
पहिलं गाणं तिनेच दाबलं,
आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हतं.

नंतर मी टेकडीवर मनोऱ्यापाशी गेलो.
खोपटात हीटर बंद पडलेला,
ट्रान्समीटर मात्र नेहमीसारखा गुणगुणत,
त्याला अजून कुणी काही कळवलेलं नाही.
सुळ्यावरचा लाल दिवा
एकदा पेटून, एकदा विझून.
तोइवोने छापून घेतलेलं जुनं लॉगबुक आहे,
पानं अजून संपायची आहेत.
तारीख, वेळ, पॉवर, तापमान, शेरा.
नावाचा रकाना त्यात नाहीच,
विसरला असेल.

मी लिहिलं: पॉवर ठीक.
उणे एकोणीस.
शेरा: वारा वायव्येचा, तारेवर बर्फ,
मोजे ओले.